रिपोर्ट नॉर्मल आले, त्यानंतर

ईसीजी नॉर्मल, टू-डी एको नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. फाईल मिटताना डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि ज्याला काल रात्री आपण आत्ता, या क्षणी मरणार असं खरोखर वाटलं होतं, तो माणूस त्या फाईलसकट एकटा उरतो. "काही नाही" या उत्तराने त्याचं भागत नाही, कारण काहीतरी होतंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मी त्या माणसासाठी लिहिते आहे. मला जो आजार झाला होता त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. तो ओळखला जाण्यात बरेच महिने गेले. ओळखल्यावर मात्र बरं होण्याची वाट चांगली आखलेली निघाली. ती कशी असते हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेब सांभाळते. माहेर पुण्याचं. वडील गेल्यापासून आई कोथरूडला एकटीच राहते, त्यामुळे जमेल तेव्हा साताऱ्याहून स्वारगेटची विनाथांबा एसटी पकडायची हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. त्या वाटेवर खंबाटकीचा जुना बोगदा लागतो. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या त्यातून जायच्या आणि पुण्याहून येणाऱ्या घाट चढून वरून यायच्या. मार्चअखेरची कामं नुकतीच आटोपली होती, झोपेचा पत्ता नव्हता, सकाळपासून पोटात फक्त चहा गेला होता. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला आणि आमची गाडी बोगद्यात उभी राहिली.

आधी छातीत एक ठोका चुकल्यासारखा वाटला. मी नाडी बघायला मनगटावर बोटं ठेवली. मग धडधड एवढी वाढली की कानात ऐकू यायला लागली. घसा आवळला, कितीही श्वास घेतला तरी पुरेना. ओठ बधिर झाले, बोटांत मुंग्या आल्या, तळहात घामाने निथळायला लागले. सगळ्यात विचित्र म्हणजे शेजारची माणसं दिसत होती पण खरी वाटत नव्हती, त्यांचं बोलणं फार लांबून येत होतं. हार्ट अटॅक असाच येत असणार, एवढा एकच विचार डोक्यात होता. गाडी हलली, बोगद्याबाहेर आली, तरी तो विचार हलला नाही. कंडक्टरने पाणी दिलं, "ताई, शिरवळला दवाखाना आहे, तिथे उतरवतो," म्हणाला आणि खरंच गाडी थांबवून सोबत आला. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो नीट होता. रक्तदाब वाढलेला होता. अर्ध्या-पाऊण तासात मी पुन्हा ठीक होते, फक्त अंगातलं सगळं बळ गेलं होतं. संध्याकाळी हे गाडी घेऊन आले आणि मला घरी घेऊन गेले.

छातीत दुखणं, धडधडणं पहिल्यांदा होतं तेव्हा दवाखान्यात जाऊन तपासून घेणं हेच योग्य आहे, हे इथे ठळकपणे सांगते. घाबरट म्हणतील या विचाराने कुणी घरी बसू नये. थायरॉईड वाढलेलं असणं, रक्त कमी असणं, साखर एकदम उतरणं, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडणं, दम्याची काही औषधं, फार चहा-कॉफी, यांतल्या कशानेही असाच त्रास होऊ शकतो. माझ्या तपासण्या झाल्या त्या याचसाठी. टीएमटीही झाली. पट्ट्यावर मला चांगलं धापा टाकेपर्यंत पळवलं, ठोके खूप वर गेले, आणि आलेखात काही वावगं नव्हतं. ती तपासणी पुढे थेरपीत फार कामी आली, पण त्या वेळी तिचा अर्थ मला कळला नव्हता.

कारण अटॅक थांबले नाहीत. एक रात्री झोपेतून उठवून आला. एक राजवाड्याजवळ भाजी घेताना आला. दोन अटॅकांच्या मध्ये जे दिवस जात ते अटॅकपेक्षा वाईट होते, कारण ते सगळे पुढचा कधी येईल याची वाट बघण्यात जात. पुण्याची एसटी तर लगेचच सुटली. मग कुठलीच एसटी नको वाटू लागली. मग रविवारचा बाजार, बँकेतली रांग, लग्नाच्या हॉलमध्ये मधली खुर्ची. शेवटी घरात एकटीने थांबणंही जड जाऊ लागलं. पर्समध्ये पाण्याची बाटली, इलेक्ट्रॉलची पुडी, जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी (ती मला कुणी लिहून दिली नव्हती, सासऱ्यांच्या डब्यातली होती) आणि करोनाच्या काळात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. पतसंस्थेत टेबलाखाली हात घेऊन मी ते ऑक्सिमीटर लावत असे. दर वेळी ९८, दर वेळी दोन मिनिटं बरं वाटायचं, आणि मग पुन्हा लावावंसं वाटायचं.

घरच्यांनी त्यांना सुचेल ते सगळं केलं. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, माझ्यासाठी सोमवार धरले. यांनी मला पतसंस्थेत सोडणं-आणणं सुरू केलं. लेकीने आपणहून आजीकडे जायचा हट्ट सोडला. "अगं, तू नको दगदग करूस, मीच येते तिकडे," म्हणून आई गुडघे दुखत असताना पुण्याहून आली. त्या सगळ्या मायेचं मोल मी जाणते. तिचा आजारावर काय परिणाम होत होता हे मला, त्यांना, कुणालाच ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते पुढे येतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टर एक दिवस पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हृदयाच्या आता आणखी तपासण्या मी करणार नाही. तुमचा आजार खरा आहे, फक्त तो हृदयाचा नाही." आणि त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी बरेच दिवस देवघराच्या खणात राहिली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यांना मानसिक आजार आहे त्यांच्यातल्या उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं होतं. हा आकडा मी नंतर वाचला तेव्हा मला तो खण आठवला. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कुणी बघेल ही भीती काही लहान नसते. मला शेवटी पायऱ्या चढवल्या त्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या तारखेने. मला तिच्याजवळ असायचं होतं.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी जवळजवळ तासभर घेतला. कधी सुरू झालं, कुठे येतो, किती वेळात शिगेला पोचतो, झोप, भूक, पाळी, चहा किती, घरात आणखी कुणाला असा त्रास, जगू नये असं वाटतं का, सगळं विचारलं. जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची मराठी प्रश्नावली भरून घेतली. तिचे गुण शून्य ते २१ असतात, दहा किंवा जास्त झाले की नीट चौकशी करायची. माझे पुष्कळ पुढे होते. पण ते म्हणाले की नुसत्या गुणांवरून निदान होत नाही. अटॅक अचानक, पुन्हा पुन्हा येणं आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त काळ पुढच्या अटॅकची धास्ती राहणं किंवा त्यापायी वागणं बदलणं, यावरून पॅनिक डिसऑर्डर ओळखतात. अटॅकच्या लक्षणांची यादी तेराची आहे, त्यांतली चार असली तरी पुरतात. त्यांनी यादी वाचून दाखवली. माणसं खरी न वाटणं हे लक्षण त्या यादीत आहे हे ऐकून मला रडू आलं. ते मी यांनाही सांगितलं नव्हतं. मला वेड लागायला लागलंय असं वाटत होतं. गर्दी, बस, रांग, बंद जागा टाळणं याला ॲगोराफोबिया म्हणतात, तेही मला जोडीला होतं.

मी विचारलं, माझे वडीलही फार काळजी करायचे, त्यांना हेच होतं का? डॉक्टरांनी फरक समजावला. माझ्या वडिलांना असे अटॅक कधी आले नाहीत, पण पैसा, पोरांची परीक्षा, गॅस बंद केला का, गाडी वेळेवर येईल का, काही ना काही काळजी कायम चालू. मान-खांदे सदा आखडलेले, झोप अर्धवट. अशी न आवरणारी काळजी सहा महिन्यांच्या वर बहुतेक रोज असेल तर त्याला जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात. वडिलांना तो होता की नाही हे आता कुणी सांगू शकत नाही, पण ते रात्री उठून कडी बघायचे ते मला त्या दिवशी वेगळ्या नजरेने दिसलं. माझा एक भाचा इंजिनिअरिंगची तोंडी परीक्षा आली की गैरहजर राहतो, चारचौघांत जेवत नाही, लोक आपल्यालाच बघताहेत असं त्याला वाटतं. ती सोशल अँग्झायटी असू शकते. फक्त पाल, फक्त उंची, फक्त सुई अशी एकाच गोष्टीची जीव जाईल एवढी भीती असते तो फोबिया. वारंवार हात धुणं, पुन्हा पुन्हा तपासणं हा ओसीडी, तसंच मोठ्या आघातानंतरचा त्रास, हेही पूर्वी चिंताविकारांतच धरत असत. २०१३ साली अमेरिकन वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती आली तेव्हापासून त्यांची प्रकरणं वेगळी झाली. उपचारही थोडे वेगळे पडतात, म्हणून नेमकं निदान हवं.

मग त्यांनी शरीरात काय घडतं ते कागदावर काढून दाखवलं. धोका दिसला की मेंदू ॲड्रेनालिन सोडायला लावतो, हृदय जोरात चालतं, स्नायूंकडे रक्त जातं, श्वास वाढतो. वाघ समोर असेल तर हे सगळं उपयोगाचं. माझ्या बाबतीत वाघ नव्हता, पण यंत्रणा तीच होती. मिरचीच्या फोडणीचा ठसका लागावा आणि सगळी आळी बादल्या घेऊन आग विझवायला धावावी, तसं. धावणारी माणसं खरी, बादल्या खऱ्या, आग तेवढी नाही.

दोन गोष्टींनी मला त्या दिवशी धरून ठेवलं. पहिली श्वासाची. मला वाटत होतं हवा कमी पडते आहे. प्रत्यक्षात मी गरजेपेक्षा जास्त श्वास घेत होते. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, रक्ताची आम्लता बदलून कॅल्शियमचं गणित हलतं, आणि मग चक्कर, ओठ बधिर होणं, बोटांत मुंग्या हे सगळं ओळीने येतं. (नाकातोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय मात्र आता सुचवत नाहीत. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो घातक ठरू शकतो.) दुसरी गोष्ट बेशुद्ध पडण्याची. बेशुद्ध पडायला रक्तदाब उतरावा लागतो, आणि पॅनिकमध्ये तो वाढतो. शिरवळला माझाही वाढलेलाच होता. याला अपवाद रक्त आणि सुई यांच्या भीतीचा, तिथे दाब आधी वाढून मग खरंच उतरतो आणि माणूस कोसळू शकतो. माझी भीती ती नव्हती.

औषधाबद्दल थोडक्यात सांगते, कारण डोस ज्याचा त्याचा वेगळा असतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. मला एस्सिटालोप्रॅम हे चिंता आणि नैराश्यावरचं औषध सुरू केलं, अगदी कमी मात्रेत. त्यांनी आधीच बजावलं होतं की पहिला आठवडा-दोन आठवडे अस्वस्थता थोडी वाढू शकते, मळमळेल, आणि खरा गुण यायला काही आठवडे लागतील. हे बजावणं फार महत्त्वाचं होतं. नाहीतर चौथ्याच दिवशी मी गोळी सोडली असती, इतकं कसंतरी होत होतं. सुरुवातीच्या त्या काळापुरती क्लोनाझेपामची छोटी गोळी जोडीला होती, ती त्यांनी ठरलेल्या वेळी कमी करत बंद केली. ती तासाभरात शांत करते, आणि म्हणूनच तिची सवय लागते. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून अशा गोळ्या वर्षानुवर्षं नेणारी माणसं मी बघितली आहेत. एस्सिटालोप्रॅमची तशी नशा किंवा तलफ नसते, पण तीही एकदम तोडायची नसते. बरं वाटल्यावर पुढे बरेच महिने, साधारण वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात.

गोळीने अटॅक विरळ झाले, झोप आली. बस मात्र तशीच राहिली. तिथून मानसशास्त्रज्ञांचं काम सुरू झालं. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या. ही नोंदणी विचारून घ्यावी, कारण समुपदेशक अशी पाटी आज कुणीही लावतो. उपचार सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, या पद्धतीचा. आपल्याकडे विचारांवर काम करून भावना बदलण्याची ही जातकुळी अगदीच अनोळखी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) ही तिचीच थोरली बहीण, ती महाराष्ट्रात रुजवण्यात मानसोपचारक कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे.

मॅडमनी पहिल्यांदा मला साखळी काढायला लावली. ठोका चुकल्यासारखा वाटला, मग "हे हृदयाचं आहे" हा विचार, मग भीती, भीतीने आणखी धडधड, तिने विचार आणखी पक्का. डेव्हिड क्लार्क या इंग्लंडच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये पॅनिकची हीच मांडणी केली. शरीरातली साधी संवेदना आणि तिचा लावलेला भयंकर अर्थ, हे चाक एकमेकांना फिरवत राहतं. मला बोगद्याची भीती नव्हतीच. मला बोगद्यात होणाऱ्या धडधडीची भीती होती. हे समजल्यावर उपचार कशावर करायचा तेही उघड झालं. धडधडीवर.

एके दिवशी त्यांनी खुर्ची समोर ओढली आणि म्हणाल्या, "आता मिनिटभर आपण दोघी जोरजोरात, भराभर श्वास घेऊ." आधी त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी, एको, टीएमटी सगळं बघितलं होतं. हृदयविकार, दमा, फिट्स, गरोदरपण असेल तर हे करत नाहीत, आणि आपल्या मनाने घरी तर नाहीच. मी भीत भीत सुरुवात केली. मिनिट भरायच्या आत ओठ बधिर झाले. बोटांत मुंग्या आल्या. खोली हलली. अगदी तेच, बोगद्यातलं, शिरवळच्या बाकावरचं, रात्री दोनचं. साताऱ्यातल्या त्या छोट्या खोलीत, पंख्याखाली, मी माझ्या हाताने ते करून दाखवलं होतं, आणि थांबल्यावर ते आपोआप ओसरलं. मॅडमही ओठ चोळत होत्या. "मलाही मुंग्या आल्यात," म्हणाल्या. इतक्या डॉक्टरांनी सांगितलेलं "हे हृदय नाही" मला त्या मिनिटात पटलं.

मग रोजचा गृहपाठ. बारीक स्ट्रॉमधून नाक धरून श्वास घ्यायचा, म्हणजे गुदमरल्यासारखं होतं. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचं, म्हणजे चक्कर. जागच्या जागी पळायचं, म्हणजे धडधड. आधी लिहायचं, "मला काय होईल असं वाटतं आणि किती टक्के खात्री आहे." नंतर लिहायचं, काय झालं. ती वही अजून आहे. "बेशुद्ध पडेन, ७०%" आणि समोर "नाही". "आवरता येणार नाही, ओरडेन, ६०%" आणि समोर "नाही". डाव्या बाजूचे आकडे हळूहळू उतरत जातात. सकाळी अजिंक्यताऱ्याची चढण चढायलाही त्यांनीच लावलं. साताऱ्यातली कितीतरी माणसं ती रोज चढतात. मी लग्न झाल्यावर नेमाने चढायचे आणि धडधडीच्या भीतीने सोडली होती. वरच्या वळणावर छाती भात्यासारखी चालायची आणि मी तिथे थांबून नाडी न बघता उभी राहायचे. नाडी न बघणं हा त्यातला खरा अवघड भाग होता.

आता त्या मायेबद्दल. मॅडमनी माझ्याकडून एक यादी करून घेतली, अटॅक येऊ नये म्हणून किंवा आला तर म्हणून मी काय काय करते. बाटली, इलेक्ट्रॉल, जिभेखालची गोळी, ऑक्सिमीटर, दाराजवळची खुर्ची, यांना दर तासाला फोन, यांनी सोडणं-आणणं. त्या म्हणाल्या, यांतली प्रत्येक गोष्ट तुम्हाला त्या वेळी धीर देते आणि त्याच वेळी मेंदूला सांगते की धोका खरा होता, बाटलीमुळे वाचलो. बाटलीशिवायही वाचलो असतो हे शिकायची संधीच मेंदूला मिळत नाही. या गोष्टींना त्यांच्या शास्त्रात सेफ्टी बिहेवियर म्हणतात. माझ्या मते सगळ्या उपचाराचा गाभा हा आहे, आणि बाहेर याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. रिलॅक्स व्हा, दीर्घ श्वास घ्या, चांगले विचार करा, हे सगळे सांगतात. मला सांगितलं गेलं ते याच्या उलट होतं, की भीती येऊ दे, तिला घालवायला काही करू नको, आणि ती असताना जे काम करायचं होतं ते करत राहा.

त्यासाठी यांना एका सत्राला बोलावलं. मॅडम त्यांना म्हणाल्या, "त्यांचा फोन आला की काही होणार नाही असं सांगू नका. बरं, कर तू, एवढंच म्हणा." हे गप्प झाले. घरी येताना म्हणाले, "मला हे फार कठीण जाणार आहे. तुला घाबरलेलं बघून मी नुसता कसा बसू?" पण बसले. एकदा मी बाजारातून फोन केला, रडवेली झाले होते, आणि ते म्हणाले, "बरं. भाजी घेऊन ये." त्यांचा आवाज थरथरत होता. त्या एका वाक्याला त्यांना किती ताकद लागली असेल हे मला माहीत आहे. गोळी सासऱ्यांच्या डब्यात परत गेली, ऑक्सिमीटर सेल काढून कपाटात.

एसटीची शिडी आम्ही पायरीपायरीने लिहिली. आधी साताऱ्याच्या स्टँडवर उभ्या गाडीत बसायचं आणि सुटायच्या आत उतरायचं. मग पाचवडपर्यंत. मग भुईंजपर्यंत, मधल्या सीटवर. मग सुरूर फाटा, म्हणजे बोगद्याच्या अलीकडे. प्रत्येक पायरी भीती निम्म्यावर येईपर्यंत किंवा कंटाळा येईपर्यंत परत परत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने माझ्या या फेऱ्यांना केवढा आधार झाला ते मीच जाणे. एका ओळखीच्या कंडक्टरने विचारलं, "ताई, भुईंजला कोण आहे तुमचं?" मी सांगितलं, आजारातून उठतेय, प्रवासाचा सराव करतेय. त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्या वेळी मधली सीट रिकामी ठेवली.

बोगद्याच्या पायरीला एक अडचण होती. पलीकडे पारगाव खंडाळ्याला उतरून परत यायचं तर घाटाने यावं लागायचं, बोगदा एकाच दिशेचा. म्हणजे एका फेरीत एकदाच सराव. पहिल्यांदा हे खंडाळ्याच्या स्टँडवर थांबले होते, पुढच्या वेळेपासून तेही नाही. मॅडमनी सांगितलं होतं, आत शिरल्यावर भीतीला मनात म्हणायचं, "अजून ये, किती येतेस बघू." मी म्हटलं. ती आली, शंभरातली ऐंशी तरी असेल. गाडी चालूच राहिली, उजेड आला, पुढचं ते धोक्याचं वळण आलं, आणि भीती अजून अंगात असताना मी कंडक्टरकडे सुटे पैसे मागितले. भीती असताना व्यवहार करता येतो हे मला नवीन होतं.

आईचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी स्वारगेटला एकटी उतरले. पहिल्याच्या वेळी जमलं नव्हतं. मधे पावसाळ्यात व्हायरल तापानंतर दोन अटॅक लागोपाठ आले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून असं वाटून मी दोन दिवस घरात बसले. मॅडम म्हणाल्या, तापाने ठोके वाढतात, अशक्तपणाने चक्कर येते, जुनी साखळी तेवढ्याने जागी होऊ शकते, शिडीच्या दोन पायऱ्या खाली उतरा आणि तिथून परत चढा. तसंच केलं. दुसऱ्यांदा चढायला पहिल्याइतका वेळ लागला नाही.

पैशांचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांसारखीच विम्याची सोय करायला सांगितलं आहे, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या असतात आणि माझा सगळा उपचार ओपीडीतला, म्हणून तो खिशातूनच झाला. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारावं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तिथे डॉक्टर आणि औषधं मिळतात. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा सुरू आहे. १४४१६ हा नंबर फिरवायचा, दिवसा-रात्री कधीही, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. भाच्याच्या आईला मी हाच नंबर दिला. ती आधी बोलली, मग त्याला घेऊन गेली. आता तो उपचार घेतोय आणि मागची एक तोंडी परीक्षा देऊन आला.

सासूबाई अजूनही दृष्ट काढतात आणि मी काढून घेते. त्या आता रात्री विचारतात, "गोळी घेतलीस ना गं?" सध्या गोळी अर्ध्यावर आणली आहे. डॉक्टरांनी कमी करण्याचा काळ मुद्दाम मार्चअखेर टाळून ठेवलाय. वहीच्या शेवटच्या पानावर मॅडमनी माझ्या अक्षरात लिहून घेतलंय: पुन्हा टाळायला लागले तर पहिल्या आठवड्यातच ओळखायचं, ज्या जागेहून मागे फिरले तिथेच परत जायचं, नाडी बघायची नाही, आणि महिनाभरात आवरलं नाही तर वाट न बघता भेटायला यायचं. त्या पानाची एक प्रत यांच्याकडे आहे, एक आईकडे.